उद्या सापळे लावून राह्यलो

ज्या स्क्रीनशॉटमुळे वसंतकाकांना दिवसभर पोलीस ठाण्यात बसावं लागलं, तो माझ्या फोनमधून गेला होता.

हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

आज सकाळी काका गेले.

दुपारपासून ही पोस्ट चारदा लिहिली, चारदा पुसली. घरभर येरझारा घालून झाल्या. बायको म्हणाली, "एका जागी बसा तरी." बसवत नाही.

काका म्हणजे पांढरकवड्याच्या टेलिफोन एक्सचेंजमधले जुने ऑपरेटर. ट्रंक कॉलच्या काळातले. रिटायर झाल्यावर मुकुटबनकडच्या रस्त्याला लागून चार एकर कपाशी, आणि हातात स्मार्टफोन.

'कापूस कट्टा' नावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे ते अ‍ॅडमिन. भावापासून फवारणीपर्यंत सगळं तिथे चालायचं. पण खरी गर्दी जमायची ती आमच्या दोघांच्या भांडणाला.

मी पंचायत समितीत क्लार्क. म्हणजे बिनपगारी सरकारी वकील. आधारसाठी अंगठा लावणं, चौकाचौकात कॅमेरे, लोकांच्या ग्रुपवर नजर, मी सगळ्याच्या बाजूने.

"ज्यानं काही केलं नाही त्यानं घाबरावं कायले, काका?"

हे माझं हुकमी वाक्य. त्यावर लोक लाइकचे अंगठे टाकायचे आणि मी फुगायचो.

काकांनी एकदा व्हॉइस मेसेज पाठवला होता.

"परमोद, म्या तीस वर्सं लोकायचे फोन जोडले. सारा तालुका कानात येत होता. ऐकणाऱ्याले वाटते, आपल्याले समजलं. त्याले अर्धंच ऐकू येते, बाप्पा. अन् त्या अर्ध्यावर तो निकाल देते."

मी हसण्याच्या चार इमोजी टाकल्या.

मग बोंडअळीचं ते वर्ष आलं. फवारणी करता करता माणसं दवाखान्यात जात होती. बोंडं फोडली की आतून किडकी. लोक पेटलेले. वरून मोठ्या लोकांचे दौरे, आणि कोण कुठे काय लिहितो यावर बारीक लक्ष. ग्रुपच्या अ‍ॅडमिन लोकांना पोलिसांकडून आधीच तंबी मिळाली होती.

अशाच एका दौऱ्याच्या आदल्या दिवशी आमची जुंपली. काका थकले, त्यांनी विषय बदलला.

"जाऊ दे. उद्या सकाळी सहाले रस्त्यावरच्या वावरात सापळे लावून राह्यलो. नर आले की खलास. कोणाले यायचं असन तर या."

मी खाली लिहिलं, "लावा लावा. मोठाच सापडू द्या."

बोंडअळीचे कामगंध सापळे. मादीच्या वासाची गोळी टांगायची, नर पतंग येऊन अडकतात. आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

वाद जिंकल्याच्या खुशीत मी स्क्रीनशॉट काढला आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. बघा, म्हाताऱ्याला कसा गप्प केला, म्हणून.

तिथून तो कुठे कुठे फिरला, देव जाणे. पाठवणाऱ्याचं नाव वाटेत गळालं आणि तो एका नव्या साहेबांपर्यंत पोचला. साहेब समुद्राकाठच्या जिल्ह्यातून बदलून आलेले. कापूस त्यांनी गादीतच पाहिलेला.

पोलिसांच्या भाषेत सापळा म्हणजे एकच. तो माणसांसाठी लावतात. आणि दौऱ्याच्या गाड्या नेमक्या काकांच्या वावरापुढूनच जाणार होत्या.

दौऱ्याच्या दिवशी सहाला काका वावरात होते. साडेसहाला ठाण्यात.

खिशातलं पाकीट काढून त्यांनी ती वासाची गोळी साहेबांच्या टेबलावर ठेवली. जमादार कास्तकाराच्या घरचा, तो हसू दाबत होता म्हणे. दुपारपर्यंत साहेबांनाही पतंग समजले. तरी काकांना सोडलं संध्याकाळी. आणि फोन तीन आठवडे ठेवून घेतला, कारण काकांनी लॉक उघडून द्यायला साफ नकार दिला.

मी दुसऱ्या दिवशी भेटायला गेलो. खरं सांगायलाच गेलो होतो. तोंडातून भलतंच निघालं.

"काका, लपवायचं काही नव्हतं तर लॉक काहून नाही उघडलं? दुपारीच घरी आले असते तुम्ही."



"होतं ना लपवायचं," काका म्हणाले. "चहा घेतं का?"

मला वाटलं, म्हातारा हट्टी. तत्त्वासाठी अडून बसला. आणि माझं नाव निघालं नाही म्हणून, खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं.

ग्रुप त्यांनी बंद केला. नंतर भेटलो की कापूस, पाऊस, पोरांच्या नोकऱ्या. मी दरवेळी ठरवून जायचो आणि दरवेळी नुसता चहा पिऊन यायचो.

आज माती देऊन परतल्यावर त्यांच्या मुलीला, संगीताला, एकदाचं सांगितलं.

"ताई, तो स्क्रीनशॉट माझा होता."

ती डोळे पुसत म्हणाली, "बाबाले माहीत होतं, दादा. त्याच दिवशी कळलं."

ठाण्यात साहेबांनी स्क्रीनशॉटची प्रिंट त्यांच्यापुढे ठेवली होती. बाकी सगळ्यांचे मेसेज डावीकडे, नावासकट. ज्याच्या फोनचा फोटो, त्याचे उजवीकडे, बिननावाचे.

'मोठाच सापडू द्या' हे उजवीकडे होतं.

पतंगांचं साहेबांना पटलं, या वाक्याचं पटेना. संध्याकाळपर्यंत ते एकच विचारत राहिले, हा उजवीकडचा कोण?

"बाबा म्हणे, म्या ऑपरेटर होतो साहेब. कोण बोलून राह्यलं हे आम्ही सांगत नसतो," संगीता सांगत होती. "घरी येऊन मले म्हणे, परमोदची सरकारी नोकरी हाय, लेकरं लहान हायेत. त्याले सांगू नको. त्याले झोप नाही येणार."

मी मात्र इतकी वर्षं छान झोपलो, काका.

मला वाचवून वर माझा टोमणाही ऐकून घेतला तुम्ही. एकदा तरी शिवी द्यायची होती. हे फार झालं हो.

माझं हुकमी वाक्य आजपासून मागे घेतो.

ही पोस्ट पब्लिक ठेवली आहे. कोणाला अजून विचारायचं असेल तर उजवीकडचा माणूस मी, प्रमोद.

काका, माफ करा. शेवटचा नमस्कार.