रामजीकाकांचे पाच वाचक

रामजीकाकांना निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, पण महाडात कुणाच्या माळ्यावर जुना मोडी कागद निघाला की लोक अजून त्यांच्याच दारात येतात. मोजणी खात्यात ते रेकॉर्ड सांभाळायचे. तिथल्या एका म्हाताऱ्या कारकुनाकडून ते मोडी शिकले आणि त्याच्याहून पक्के झाले. माणूस तसा गोड बोलणारा, पण चुकीचं वाचलेलं त्यांना खपत नसे.

चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली जपून वापरा, असंही बजावलं. काका दवाखान्यातून सरळ माझ्याकडे आले. मी हायस्कुलात इतिहास शिकवते, त्यामुळे त्यांचा माझ्यावर उगीचच विश्वास.

"राजश्री, दोनेक वर्सं हायत हातात," ते म्हणाले. "तेवढ्यात पाच जण तयार करायचेत. जास्त नाय, पाच."

मी व्हॉट्सॲपवर ग्रुप केला. अकरा माणसं जमली. रोज सकाळी काका कागदावर आधी एक लांब रेघ ओढत आणि मग तिच्याखाली हात न उचलता एकच ओळ लिहीत. फोटो ग्रुपवर यायचा. आम्ही ती ओळ तोंडानं वाचून आवाज त्यांना पाठवायचा. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, त्यामुळे वाचणारा कुठे चाचपडतोय ते आवाजातच कळतं, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी ते एकेकाची चूक सांगत, अकराच्या अकरा जणांची. ग्रुपवर दुसरं काही नसायचं.

आमच्यात पोलादपूरच्या वरच्या वाडीतला महिपत होता. सातवी शिकलेला शेतकरी. त्याच्या वाचनात मागे शेळ्या ओरडत असायच्या, पण सहा महिन्यांत त्यानं आम्हा सगळ्यांना मागे टाकलं. दुसरा नंबर माझा होता, हे मीच सांगते, कारण आता दुसरं कुणी सांगणार नाही.

मग मला अवदसा आठवली. माझी जुनी विद्यार्थिनी सेजल हिनं काकांचा लिहितानाचा व्हिडिओ काढला. फार सुंदर झाला होता. मी म्हटलं, नेटवर टाक आणि खाली ग्रुपची लिंक दे. माझा हिशेब शाळामास्तरणीचा होता: अकरांतून पाच निघणं कठीण, शंभरांतून सहज निघतील.

"एवढ्यांचं वाचन ऐकनार कोन?" काकांनी विचारलं.

"मी आहे ना," मी म्हणाले.

पंधरा दिवसांत चारशे माणसं झाली, दिवाळीपर्यंत नऊशे. मी स्टाफरूममध्ये मिरवत होते. शिकायला मात्र बोटांवर मोजण्याइतकेच आले होते. बाकीच्यांना आपला कागद वाचून हवा होता, तोही आजच. "सर, अर्जंट आहे." सकाळची ओळ सुप्रभातच्या फुलांखाली गाडली जाऊ लागली. कुणी वरंधजवळच्या प्लॉटची जाहिरात टाकली. दोन आडनावांत थोर कोण, यावर तीन दिवस हाणामारी चालली, आणि त्यातल्या एकालाही मोडीतला 'क' ओळखता येत नव्हता. मी नियम लिहिले, ते वर चिकटवले. ते वाचायला कुणाला सवड होती?

काही जण मुंबईहून वीर स्टेशनवर उतरून, रिक्षा करून थेट घरीच येत. काका भिंग घेऊन बसत. मी चिडायचे.

"लोक लांबून येतात गो. नाय कसं म्हनू?"

एका इंजिनियरला मुलाच्या लग्नपत्रिकेत छापायला पूर्वजांची पदवी हवी होती. काकांनी अकरा पानं वाचून काढली. त्यात गुरांच्या वाटेवरून झालेला तंटा निघाला. तो गृहस्थ तोंड वाकडं करून गेला, आणि काकांचे डोळे चार दिवस ठणकत होते. पण त्याला तरी दोष कसा देऊ? प्रत्येक जण एकच कागद घेऊन आला होता. नऊशे कागद फक्त काकांच्या वाट्याला आले.

हळूहळू सकाळची ओळ बंद पडली. मीही वाचन सोडलं होतं. फुलं पुसणं, भांडणं मिटवणं, नव्यांचं स्वागत करणं यातच माझा दिवस जायचा. सराव रविवारी भरून काढू, असं म्हणत गेले. एकदा महिपतनं विचारलं, "बाई, माझं वाचन कुनी ऐकतं काय?" मी त्याला अंगठा पाठवला. पुढच्या आठवड्यात तो ग्रुपमधून बाहेर पडला. त्या दिवशी चाळीस नवे आले होते, त्यामुळे तो गेल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं.

गेल्या फेब्रुवारीत मी काकांकडे गेले तेव्हा ते दारात ऊन घेत बसले होते. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. आत जाऊन, भिंतीला हात लावत, एक कागद घेऊन आले.

"ह्यो आमच्या घरातला. तुमची परीक्षा घ्यायला शेवटी काढनार होतो. वाच."

दीड ओळ नीट गेली. पुढे अक्षरं दिसत होती, पण लागत नव्हती. थांबायची लाज वाटली. जुन्या कागदांत असतो तसला मजकूर आठवून मी मनानंच जुळवला आणि ठसक्यात म्हणून टाकला.

काका ऐकत राहिले. मग म्हणाले, "ह्यात असं काय नाय. मला पाठ हाय ह्यो."

मी पुन्हा त्या ओळीवर बोट ठेवलं.

"आमच्या आज्यालापन एकानं असाच मनानं वाचून दाखवलेला. आज्यानं त्यावर अंगठा दिला नि जमीन गेली. म्हनून मी शिकलो." रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता हात पुढे करून कागद परत घेतला. "महिपतला येतंय ना? त्याला लाव बघू फोन."

मी अंगणाच्या कडेला जाऊन फोन लावला. महिपतनं लगेच उचलला. "बाई, सुटलं ते आता," तो म्हणाला. "एकट्यानं किती दिवस वाचनार? काकांना नका सांगू."

मी परत येऊन सांगितलं, की वाडीत रेंज नाही.

"मग जरा वेळानं लाव गो," काका म्हणाले, आणि कागद मांडीवर घेऊन बसून राहिले.