गंगाकाकूंचा शेट

पोपट पाळावा का, असं कुणी विचारलं की गंगाकाकू आधी उलट विचारत, "तुमी किती वर्सं जगनार हाव?"

परळीत आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. नवरा किराणा दुकानदार, तो वारला. मुलगा पुण्याला. उरला पोपट, त्याचं नाव शेट. नवऱ्याला गिऱ्हाइकं शेट म्हणत. ती हाक वाया जाऊ नये म्हणून काकूंनी ती पोपटाला दिली. थर्मल वीजकेंद्राची राख उडून दुपारपर्यंत शेट करडा होई. काकू त्याच्यावर पाणी शिंपडत आणि म्हणत, "वैजनाथाच्या गावात फुकटची विभूती. तक्रार कावून करायची?"

एकदा बँकेतले एक साहेब बायकोला घेऊन सल्ला विचारायला आले. त्या वर्षांत जो तो रंगीत टीव्ही, फ्रिज घेत होता. यांना पोपटही हवा होता. काकूंनी नेहमीचा प्रश्न टाकला. साहेब म्हणाले, "काकू, मी पोपटाचं विचारतोय, माझी पत्रिका नाही दाखवत."

"आवो, ह्ये पंचवीस वर्सं काढतंय. तुमच्या मागं ह्यानं कुनाच्या तोंडाकडं बघायचं? आन् बाई, तुमी माहेरी गेल्याव ह्याला मिरची कोन देनार? ह्ये साहेब?"

"ह्यांना स्वतःचा चहा करता येत नाही," बाई म्हणाल्या.

"मंग झालं की. एक पाळलाय तेवढा बास हाय."

साहेबांनी फ्रिजवरच भागवलं.

एवढ्या जाणत्या बाईचा पोपट मात्र नऊ वर्षांत एक शब्द बोलला नव्हता. लेकराची बोली सुटावी म्हणून वेखंड उगाळून जिभेला लावतात, तसं काकू मिरचीला वेखंड लावून त्याला चारत. शेट मिरची खाई आणि काकूंकडे बघत बसे. पहाटेपासून काकूच बोलत. त्यानं मध्ये शिरायचं कुठं? मला हे दिसत होतं, पण मी सांगणाऱ्यांतली नाही. आमचे मालक थर्मलमध्ये रात्रपाळीला. दिवसा झोपत, त्यामुळे घरात भांडं वाजवायची चोरी. मी दुपारी काकूंकडे जाऊन गप्प बसे. त्या वेखंडाचं बोट माझ्यापुढे धरून म्हणत, "घे, तू बी चाट. त्याच्यापरीस तुलाच गरज हाय."

मुलानं पुण्यात फ्लॅट घेतला आणि तो काकूंना न्यायला आला. सुनेला पोपटाची घाण नको होती. शेटवर गल्लीतल्या तिघी-चौघींचा डोळा होता, पण काकूंनी पिंजरा माझ्या हातात दिला. प्रश्न विचारलाच नाही. म्हणाल्या, "तुला काय इचारायचं? तू थोडंच उत्तर देनार हायेस!"

आठव्या दिवशी दुपारी मालक झोपलेले असताना घरात काकूंचा आवाज आला, "उठा की! किती लोळताव?" मालक धडपडून उठले आणि सदरा शोधत म्हणाले, "काकू, कधी आलात?" मी तोंडाला पदर लावून हसले. घर शांत मिळाल्यावर शेटनं नऊ वर्षांचं साचलेलं एकेक बाहेर काढायला सुरुवात केली. मीही हळूहळू त्याला उत्तरं देऊ लागले. तो विचारी, "शेट जेवलं का?" मी म्हणे, "शेट तूच, तूच सांग." इतकं मी आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते.

वर्षानं काकू आल्या, वाळून गेलेल्या. शेटला न्यायला आल्या होत्या.

"तितं दिसभर टीव्हीच बोलतोय. मी तोंड उघडलं की सून आवाज वाढिवती. शेवटाला पोराला म्हनलं, माजं पाखरू आनू दे, न्हाईतर मी चालले."

मी कसंबसं म्हटलं, "काकू, शेट बोलतो."

"चल! मला बरं वाटावं म्हनून सांगतीस व्हय?"

त्यांनी त्याला हाका मारल्या, टाळ्या वाजवल्या. शेट जुन्या सवयीनं त्यांच्याकडे बघत बसला. काकूंनी पिंजऱ्याच्या कडीला हात घातला. आणि मीच विचारलं, "काकू, तुम्ही किती वर्षं जगणार आहात?"

काकूंचा हात कडीवरच राहिला. मग त्या हसल्या.

"वेखंड लागू पडलं म्हनायचं. निस्तं मानूस चुकलं."

पिशवीतून पुण्याहून आणलेल्या मिरच्या काढून त्यांनी माझ्या ओट्यावर ठेवल्या आणि रिकामी पिशवी घेऊन निघाल्या. रिक्षा कोपऱ्यावर वळत होती तेव्हा शेट त्यांच्याच आवाजात म्हणाला, "शेट जेवलं का?" हाक मारली असती तर रिक्षा थांबली असती. मी मारली नाही.

पुढं दोन वर्षांनी काकू गेल्याचं कळलं. पोपट पाळावा का, हे विचारायला लोक आता माझ्याकडे येतात. मी त्यांना काही विचारत नाही. शेट विचारतो.