तळहातावरची गाबोळी
तव्यावर गाबोळी, म्हणजे माशाच्या पोटातली अंडी, चुरचुरायला लागली की त्या वासासरशी मी थेट कळव्याच्या खाडीकाठी, आमच्या जुन्या ओट्यावर जाऊन बसते. नव्वदच्या आसपास मी दहावीत होते. पुनरुत्पादनाचा धडा बाईंनी ‘घरी वाचा’ म्हणून सोडलेला, त्यामुळे आमचं सगळं ज्ञान सिनेमातलं. होळीला पलीकडच्या आळीतल्या मुलाने माझा हात धरून गालाला रंग लावला आणि नेमकी त्याच महिन्यात माझी पाळी लांबली. झालं, मला दिवस गेलेत अशी माझी खात्रीच पटली. एका दुपारी आई ओट्यावर शिंगाळा मासा कापत होती. त्याच्या पोटातून पिवळीधमक गाबोळी निघाली आणि मला रडूच फुटलं. “काय झालं गो?” मी सगळं सांगून टाकलं. “हात धरला, आनि?” “एवढंच.” आई विळी सोडून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग ती गाबोळी माझ्या तळहातावर ठेवून, मूल कसं राहतं आणि कशाने राहत नाही, ते तिने मासळीचा भाव सांगावा तसं सरळ सांगितलं. शेवटी मात्र हसली नाही. “कधी खरंच काय झालं, तर पयली माझ्याकडं यायचं. पोट पाडायचं झालं तर तुझ्या वयाला डॉक्टर घरच्यांची सही मागतो. मी अंगठा देईन, पन लपून कुठं जायचं नाय.” त्या दुपारी मी पोटभर जेवले. काल मी मासे साफ करत होते, तेवढ्यात माझी मुलगी नाक मुरडत आत आली. तिला चौदावं लागलंय. मी म्हटलं, “बस इथे. हात पुढे कर.”