गुळव्याची पाखरं

पडदा वर जातो तेव्हा सकाळचे सहा वाजलेले असतात. मागे डोंगर, त्यावर उसाचे पट्टे, धुकं अजून दरीतच. पुढे पत्र्याच्या छपराचं एक बुटकं घर आणि घरापेक्षा मोठी बाग. डावीकडून बेलार्मिनोदादा येतात. डोक्यावर गवताची हॅट, हातात किटली, कोपरापर्यंत जुन्या भाजल्याचे डाग. जास्वंदीला टांगलेली बाटली ते उतरवतात, भरतात, पुन्हा टांगतात आणि दोन पावलं मागे सरून उभे राहतात. मग हवेत भिरभिर ऐकू येते, आणि अंगठ्याएवढा हिरवा हमिंगबर्ड बाटलीच्या लाल तोंडाशी अधांतरी थांबतो.

चाळीस वर्षं फिरत्या नाटक कंपनीत काढून मी सान रोकेला, माझ्या डोंगरातल्या गावी, परतले, ती दादांच्या शेजारी. माझ्या ओट्यावरून रोज हा खेळ फुकट दिसे. मोठमोठ्या नटांबरोबर मी उभी राहिले आहे, पण रंगमंचावर यावं कसं ते त्या पाखरांनी शिकवावं.

दादा गुळव्या. एक्केचाळीस वर्षं गुऱ्हाळात काहिलीपुढे उभे राहिले. पाक कधी उतरवायचा ते त्यांना नाकाने कळे. मालकाने एकदा तापमापक आणला, तर दादांनी तो खुंटीला अडकवून ठेवला आणि पुढची सगळी वर्षं तो तिथेच राहिला. लग्न केलं नाही. गुऱ्हाळाच्या धगीत बायको वितळते, असं सांगत.

काम सुटल्यावर त्यांनी बाग हाती घेतली. ऊस तोडताना बांधावर ही पाखरं कुठल्या फुलांना लागतात ते त्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं. तेवढीच झाडं त्यांनी आणली: घाणेरी, लाल साल्विया, केळीच्या पानांची हेलिकोनिया, कुंपणाला जास्वंद. कोळिष्टकं कधी झाडली नाहीत, कारण पाखरं घरट्याला तेच धागे नेतात. लोक म्हणत, दादांच्या घरात बाई नाही ते छपराकडे बघून कळतं. आणि बाटलीत काय? गुळाचं पाणी. साखरेत जीव नसतो, असं त्यांचं ठाम मत. आम्ही सगळे सकाळी तेच तर पितो, वर चीजचा तुकडा टाकून.

बोळापलीकडे फिदेलिनाताई राहत. गुलाब लावत आणि मे हा कुमारी मातेचा महिना, तेव्हा देवळात तिला रोज ताजी फुलं त्यांच्याकडूनच जात. त्यांचीही एक बाटली होती. एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी, आणि बाटली रोज उकळत्या पाण्याने धुतलेली. दादा बोळातून विचारत, ताई, पाखरांना सलाईन लावलंय का? त्या म्हणत, तुमच्या काळ्या पाण्यात पाखरू बुडालं तरी दिसायचं नाही. दोघं हसत. मलाही हा संवाद पाठ झाला होता.

दादांच्या बागेत एक तांबड्या शेपटीचं पाखरू होतं. दिवसभर बाटलीवर बसून दुसऱ्यांना हुसकावी, म्हणून दादा त्याला नगराध्यक्ष म्हणत. एप्रिलच्या मध्यावर नगराध्यक्ष साल्वियाखाली पडलेला सापडला. चोच उघडी, जीभ सुजून बाहेर आलेली. आठवड्याभरात आणखी चार तसेच. दादा ते तळहातावर घेऊन माझ्या दारात आले आणि म्हणाले, ती गुलाबांवर औषध फवारते.

पुढचं सगळं मी केलं, ते कबूल करते. दादांना चार माणसांत बोलता येत नसे. रविवारी शाळेच्या खोलीत वस्तीची सभा होती. त्यांच्यासाठी कागद मी लिहिला आणि वाचलाही मीच. आवाज गेला नव्हता माझा. कुठे थांबलं की लोक डोळे पुसतात ते मला ठाऊक होतं, आणि मी तिन्ही ठिकाणी थांबले. शेवटी फिदेलिनाताईंचं नाव घेतलं. त्या दुसऱ्या रांगेत मांडीवर पर्स धरून बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या की फवारणी मी अंधार पडल्यावर करते, आणि तीही साबणाच्या पाण्याची. पण तोवर माझ्या वाचनाला टाळ्या सुरू झाल्या होत्या. इतक्या वर्षांनी ऐकल्या. लाज वाटते सांगायला, मी मान लववली.

सोमवारी सकाळी ताईंनी सगळे गुलाब मुळासकट उपटले. बावीस झाडं. बाटलीही उतरवली. मे उजाडला, तेव्हा मातेसाठी फुलं बाजारातून आली. ताई देवळात मागच्या बाकावर बसू लागल्या आणि प्रार्थना संपायच्या आत उठून जाऊ लागल्या.

गुलाब गेले तरी पाखरं पडतच राहिली.

तेव्हा कुणीतरी गुराढोरांच्या डॉक्टरांना बोलावलं. म्हातारा माणूस, खेचरांची तोंडं बघण्यात जन्म गेलेला. त्यांनी मेलेल्या पाखराची जीभ पाहिली, मग बाटली काढून नाकाशी नेली. यात काय घालता, विचारलं. दादांनी सांगितलं. डॉक्टर हळूच म्हणाले की गूळ माणसांना चांगला, यांना नाही. उन्हात तो लवकर आंबतो, जिभेवर बुरशी धरते, सुजलेली जीभ आत जात नाही, आणि पाखरू भरल्या फुलापुढे उपाशी मरतं. पांढरी साखर नि पाणी, रंग नको, बाटली रोज धुवा. थोडक्यात, फिदेलिनाताई करत होत्या तेच.

गावाने दादांना लगेच माफ केलं. दुकानात लोक पाठीवर हात ठेवत. बिचाऱ्याला काय माहीत, प्रेमानेच पाजलं ना? प्रत्येक हाताबरोबर दादा थोडे आणखी वाकत. हॅट डोळ्यांवर ओढून चालू लागले. माझ्या ओट्याकडे बघेनासे झाले.

चौथ्या दिवशी ते आले. बसा म्हटलं, तर बसले नाहीत.

"बाई, सभेच्या आधीच्या शुक्रवारी मी बाटली उतरवली, तेव्हा आंबूस वास आला. बुडबुडे होते."

आमच्याकडे गूळपाणी आंबवूनच ग्वारापो करतात. तो पिऊन आमचे बाप बाजाराच्या दिवशी गटारात पडत. आंबलेला गूळ कुणाला कळला नाही तरी चालेल, पण त्या नाकाला?

"मग?"

"ओतून टाकलं. बाटली घासली. म्हटलं, एकच दिवस झालं असेल असं. आणि कागद तर तुम्ही लिहून ठेवला होता."

तो कागद मी चार वेळा मोठ्याने म्हणून पाहिला होता, भिंतीपलीकडे त्यांना ऐकू जाईल असा. तो वाचायचा नाही असं ते मला कुठल्या तोंडाने सांगणार होते? हे मला तेव्हा सुचलं, आणि तरीही मी त्यांना सल्ला दिला तो नटाचा. म्हटलं, दादा, लोकांनी तुम्हाला अजाण ठरवलंय, तीच भूमिका ठेवा. ताईंची माफी मागा, पण शुक्रवारचं बोलू नका. त्याने गुलाब परत येणार नाहीत आणि तुमचं नाव मात्र जाईल. माझंही जाईल, हे मी बोलले नाही.

त्यांनी मान डोलावली आणि तसेच बोळ ओलांडायला निघाले. मीही मागोमाग गेले. कागद तर माझाच होता.

फिदेलिनाताई उकरलेल्या वाफ्यात मिरच्यांची रोपं लावत होत्या. आम्हाला पाहून उठल्या, हाताची माती झटकली. दादांनी हॅट काढली. तिच्या काठाशी बोटं चाळवत उभे राहिले. मी पुढे होऊन काही म्हणणार, तोच ताईंनीच सोडवलं आम्हाला. थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "जाऊ द्या दादा. डॉक्टरांनी सगळं सांगितलं मला. तुम्हाला तरी कुठे माहीत होतं?"

बाहेर पडायला दार उघडंच होतं. नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. मी तर डोळ्यांनी खूणही केली, आणि ती खूण त्यांनी पाहिली. मग माझ्याकडे पाठ केली. इतक्या वर्षांत त्यांचा इतका स्पष्ट आवाज मी ऐकला नव्हता.

"माहीत होतं, फिदेलिनाताई. सभेच्या दोन दिवस आधी माहीत होतं. तरी मी तुमचं नाव घेऊ दिलं."