पट्टा उतरत होता ते दिवस

पेडण्यात आमची पिठाची गिरण आहे. तीस वर्षं ती ह्यांनी चालवली, मी फक्त दुपारचा डबा पोचवायची. दोन वर्षांपूर्वी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. 'हां' आणि 'ना' एवढे दोनच शब्द उरले, तेसुद्धा कधी उलटसुलट यायचे. मुलगी लग्न होऊन मुळगावला. मग गिरणीत मी उभी राहिले.

यंत्र तसं साधं. खाली मोटर, तिच्या दांड्यावर लहान पुली. वर जात्याच्या दांड्यावर मोठी पुली, आणि दोन्हींना वेढा घालून फिरणारा रुंद पट्टा. लहान पुली तीन-चार वेळा फिरते तेव्हा मोठी एकदा फिरते. वेग कमी होतो, पण त्या बदल्यात जोर मिळतो, म्हणून दगड दाणा भरडतो. लग्नानंतरच्या नवलाईत ह्यांनी मला हे समजावलं होतं. मी अर्धंच ऐकलं होतं.

गणपतीच्या, चवथीच्या आधीच्या आठवड्यात, ऐन गर्दीत, पट्टा घसरायला लागला. गहू टाकला की दगड मंदावायचा. पट्टा ढिला झालाय एवढं मला कळत होतं. मोटरच्या मागे दोन बोल्ट आहेत. ते पिळले की मोटर मागे सरते आणि पट्टा ताणला जातो. एक बोल्ट बाहेरच्या बाजूला, दुसरा भिंतीकडे. त्या फटीत ह्यांचा लांब हात जायचा, माझा जाईना. मी बाहेरचाच बोल्ट जीव खाऊन पिळला. पट्टा ताठ झाला आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

दुसऱ्या दिवसापासून पट्टा पुलीवरून निसटून खाली पडू लागला. दिवसातून पाच-सहा वेळा. दर वेळी मोटर बंद करायची, दगड थांबेपर्यंत वाट बघायची आणि पट्टा ओढून पुन्हा चढवायचा. बायका डबे ठेवून बाकावर बसून राहत. कारखान्यात काम करणारा कोल्हापूरकडचा एक मेस्त्री घाईघाईने बघून गेला. पट्टा जुना झालाय म्हणाला. नवा घातला. तोही उतरला.

घरी मी ह्यांना हे सांगितलं. तेव्हापासून ते डावा हात उचलून हवेत एक सरळ रेघ ओढायचे, पुन्हा पुन्हा. मी पाणी दिलं, पांघरूण सारखं केलं, वारा येत होता ते जनेल लावून घेतलं. सगळ्याला 'ना'. तिसऱ्या संध्याकाळी माझा तोल गेला.

"तुम्हाला काय हवं ते मला कळत नाही," मी म्हटलं. "माझ्या अंगात आता त्राण उरलं नाही."

त्यांचा हात खाली गेला. भरवलेला भात त्यांनी मुकाट्याने खाल्ला आणि भिंतीकडे तोंड केलं.

सकाळी त्यांना तसंच सोडून जाववेना. शेजारच्या रिक्षावाल्याने आणि मी मिळून त्यांना गिरणीत नेलं आणि मोटरसमोर पाठ टेकता येईल अशा कदेलीवर बसवलं. मोटर बंदच होती. त्यांनी हवेत पुन्हा तीच रेघ ओढली, आणि मग गव्हाच्या पोत्याच्या तोंडाला बांधलेल्या सुतळीकडे बोट केलं.

"सुतळी?"

"हां."

सुतळीचं एक टोक मी मोठ्या पुलीच्या अंगाला धरलं, दुसरं रिक्षावाल्याने ताणून लहान पुलीपाशी नेलं. मोठीच्या दोन्ही कडांना सुतळी टेकली. लहानीच्या एकाच कडेला टेकली. दुसऱ्या कडेपाशी बोट जाईल एवढी फट होती. मोटर वाकडी झाली होती. एकच बोल्ट पिळून मीच ती वाकडी ओढली होती, आणि तीन दिवस ते मला तेच सांगत होते.

मी जमिनीवर आडवी झाले. भिंतीकडच्या फटीत खांद्यापर्यंत हात घातला, कातडं सोललं, पण पाना बोल्टाला लागला. मी थोडं थोडं पिळत गेले, रिक्षावाला सुतळी धरून राहिला. फट मिटली तेव्हा ह्यांनी तळवा दाखवून मला थांबवलं. मोटर चालू केल्यावर पट्टा पुलीच्या मधोमध फिरत राहिला. बाकावरच्या बायका डबे घेऊन उठल्या.

हात धुऊन मी त्यांच्याजवळ गेले. "काल बोलले ते मनात ठेवू नका," मी म्हटलं.

"ना," ते म्हणाले. ठेवणार नाही, की विसरणार नाही, ते मी विचारलं नाही. दळण खोळंबलं होतं.

आता आठवड्यातून दोनदा त्यांना गिरणीत नेते. रिक्षा सांगायची, त्यांना उचलायचं, परत आल्यावर अंगावरचं पीठ पुसायचं. माझ्या कामात हे आणखी एक काम झालं. तिथे ते डोळे मिटून आवाज ऐकत बसतात. काही वेळा माझ्याने होत नाही. त्या दिवशी मी त्यांना घरीच ठेवते आणि त्यांच्याकडे न बघता दार ओढून घेते.