मधल्या भिंतीतली ओल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. तुम्हाला का सांगतोय — ते माझं मलाही नीट कळत नाही. बोललं की मन हलकं होतं म्हणतात. माझं होईल असं काही वाटत नाही.

भिंतीतली गळती शोधायची, हे माझं काम. संभाजीनगरात या कामाला मरण नाही. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, कधी त्याहून उशिरा. मग जो तो टाकी, ड्रम, हंडे भरून ठेवतो, आणि एवढं जपलेलं पाणी भिंतीतल्या भिंतीत मुरलं की माणसाचं डोकंच फिरतं. मी जातो, चप्पल काढतो, भिंतीला कान लावतो. पालथा हात फिरवून गारवा बघतो. घरची माणसं मागं गुमान उभी असतात, डॉक्टर आल्यासारखी. मी "इथं" म्हणलं की इथंच फोडायचं. वीस वर्षांत कुणी उलटून विचारलेलं नाय, की कशावरून?

विचारायला पाहिजे होतं का कुणी? जाऊ द्या. आधी ते घर सांगतो.

मुकुंदवाडीत दोन घरं होती, एकाला एक लागून, मधे एकच भिंत. अलीकडं पुष्पाताई, त्यांचा नवरा, एक मुलगी आणि सासूबाई. पलीकडं साळवे मॅडम — शाळेतून रिटायर झालेल्या, एकट्या. पाणी आलं की कुणाच्या नळाला जोर असेल याचा नेम नसायचा. ज्या घरी जोर, तिथून दुसरीचे ड्रम भरायचे. त्यासाठी गच्चीवर एक पाइप कायमचा टाकून ठेवलेला. पुष्पाताईंची मुलगी रोज संध्याकाळी मॅडमकडं गणितं करायला जायची. सासूबाईंना हे येणं-जाणं खपायचं नाही. मॅडम बौद्ध, तेवढंच कारण. पण पुष्पाताई त्यांचं ऐकून घ्यायच्या आणि करायचं तेच करायच्या.

पुष्पाताईंच्या स्वयंपाकघराची लाइन मीच टाकलेली. लाइन भिंतीत गाडायच्या आधी पाणी भरायचं, दाब द्यायचा, एक दिवस तशीच ठेवायची — ही रीत. पण त्या दिवशी टाकी कोरडी, नळ यायला अजून चार दिवस, आणि फरशीवाला मिस्त्री दारात उभा. ताईंनी विचारलं, "दादा, थांबायचं का पाण्यासाठी?" मी म्हणालो, "काय गरज नाय." आमच्याकडं सगळेच असं करतात. आधी बुजवायचं, मग पाण्याच्या दिवशी येऊन एक नजर टाकायची. मी गेलोच नाही. विसरलो? नाही हो, चांगलं लक्षात होतं. कंटाळा केला.

दोन वर्षांनी ताईंचा फोन आला, ओट्यामागची, मॅडमच्या न्हाणीला लागलेली भिंत ओली झालीय. गेलो. हात फिरवला. जिथं सगळ्यात गार लागलं, तिथं आत माझा एल्बो होता, पाइप वळवायचा जोड. जागा मला पाठ होती. कान लावायचीसुद्धा गरज नव्हती — तरी लावला, दाखवायला.

तेव्हाच बोलता आलं असतं की नाही? "ताई, जॉइंट माझाच हाय, करून देतो." संपलं असतं तिथंच. ताई थोडं रागावल्या असत्या, चहासुद्धा दिला असता. पण सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते, आणि सासूबाई म्हणाल्या, "पलीकडच्या न्हाणीतनं येत असंल बघ."

मी म्हणालो, "असू शकतं."

मग नीळ आणली. हा आमचा जुना उपाय. ज्या घराचा संशय, तिथल्या पाण्यात कपड्याची नीळ कालवून ओतायची आणि वाट बघायची. ओल निळी झाली, तर पाणी तिथलंच. मॅडमनी स्वतः आपल्या ड्रममधून बादली भरून दिली. त्यांच्या देखत न्हाणीत ओतली. दुपारी सगळे पुढच्या खोलीत जेवायला बसले. स्वयंपाकघरात मी एकटा. खिशात फडकं होतं, निळीत बुडवलेलं.

ते मी भिंतीला लावलं.

एवढंच केलं. लावलं, दाबून धरलं, काढलं. ओल्या भिंतीनं रंग लगेच ओढून घेतला. हात धुतले आणि त्यांच्यातच जाऊन जेवलो. भाजी कसली होती तेसुद्धा आठवतं — दोडक्याची.

चार वाजता सगळ्यांना बोलावून डाग दाखवला. सासूबाईंना तर तेवढंच पाहिजे होतं. "मी म्हणत नव्हते? ह्या लोकांचं पाणी आपल्या चुलीमागं!" एरवी असलं बोलणं पुष्पाताई कानाआड करायच्या. त्या दिवशी नाही केलं. मॅडम डागाकडं बघत राहिल्या, मग माझ्याकडं वळल्या. "भाऊ, तुम्ही म्हणताय म्हणजे असंलच." आणि त्या म्हातारीपुढं त्यांनी हात जोडले. "आई, माझ्यामुळं तुम्हाला लई त्रास झाला."

मी तिथंच होतो. सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमची चांगली न्हाणी फोडली, धडधाकट पाइप काढून नवा घातला. भिंत आतून वाळवायची म्हणून अलीकडूनही फोडली आणि माझा जॉइंट गुपचूप बदलला. ओल थांबली. मग तर शंकाच उरली नाही कुणाला. गच्चीवरचा पाइप निघाला. मुलीचं जाणं बंद झालं. वर्षभरानं मॅडम घर विकून फुलंब्रीला मुलाकडं गेल्या. रोज एकमेकींच्या दारात भेटणाऱ्या बायका, निरोपसुद्धा घेतला नाही म्हणे. मला वाईट वाटलं का? वाटायला पाहिजे होतं. दगड झालो होतो, आजही आहे.

मागच्या महिन्यात मॅडमचा फोन आला, मुलाच्या घरात भिंतीनं ओल धरलीय. गेलो फुलंब्रीला. गच्चीची फट होती, सापडली. मॅडम सुनेला सांगत होत्या, "यांनाच बोलवा म्हणलं मी. तोंडावर खरं सांगतो हा माणूस." सुनेनं चहा आणला. मॅडम समोर बसल्या आणि हळूच विचारलं, "पुष्पाची भिंत परत नाय ना ओलावली?"

"नाय."

"बरं झालं बाई. अजून मनाला लागतं हो, भाऊ. माझ्यापायी त्यांचं घर खराब झालं. तोंड दाखवायची लाज वाटायची मला."

आता तरी बोलायचं. सून आत गेली होती, आम्ही दोघंच होतो. मी कप खाली ठेवला. आणि म्हणालो, "जाऊ द्या, मॅडम. होतं असं माणसाकडून. तिकडं कुणाच्या मनात काय नाय आता."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. "लई बरं वाटलं, भाऊ, तुम्ही सांगितलं ते," म्हणाल्या, आणि सुनेला हाक मारून मला अजून अर्धा कप द्यायला लावला. मी तो प्यायलो.