फायनलला बाहेर बसवलेला इटली

मोहाडीच्या आमच्या फुटबॉल संघाच्या मॅनेजरने इटलीला फसवलं. संघातल्या सगळ्यांना हे माहीत आहे. बोलणारा मी एकटा.

इटली हा मासे पकडणाऱ्या घरातला गडी. इटली देशाच्या एका मिडफिल्डरचे सामने तो मोबाईलवर बघायचा. तो माणूस कोणत्या क्लबातून कुठे गेला, त्याचा गुडघा कधी दुखावला, सगळं याला पाठ. म्हणून नाव पडलं इटली. खरं नाव त्याच्या आईनेही सोडून दिलं होतं.

बॉल पायाशी येण्याआधी मान वळवून मागं बघायचं, ही त्याची सवय. "पहिले पाहून घे, मंग बॉल घे," असं तो मला सारखा सांगायचा. मी बचावाला, मला तंगडी घालण्याशिवाय फारसं काही येत नसे. मैदानाबाहेरही ती सवय सुटली नाही. जेवायला बसताना तो मागं बघायचा, तेव्हा त्याची बायको म्हणायची, "पाहून घ्या बाप्पा, तुमची भाजी कोनी पळवून राहिलं काय तं."

धान कापून झालं की आम्ही बांधीत, म्हणजे रिकाम्या झालेल्या धानाच्या शेतात, खेळायचो. खुंट पायाला टोचत, बॉल वाटेल तिकडे उसळे. बाकीचे जमिनीला शिव्या देत. इटली खुंटांच्या दोन ओळींमधून पास काढायचा.

आधी तो पुढे खेळायचा, गोल करायचा. मॅनेजरने त्याला मध्ये आणलं. बोलणी माझ्याच मासळीच्या दुकानात झाली. मॅनेजर म्हणाला, संघात नवं पोरगं आलंय, गोल त्याला करू दे, तू मधून पुरवत राहा. फायनलला नागपूरच्या क्लबचा माणूस खेळाडू निवडायला येईल, तेव्हा मैदानात तूच असशील, असा शब्द मॅनेजरने दिला. इटली लगेच हो म्हणाला. त्याचा इटलीवालाही आधी पुढे खेळायचा, प्रशिक्षकाने मागे आणल्यावर मोठा झाला. एवढं त्याला पुरलं. चार माणसांसमोर शब्द पक्का करून घे, असं मी म्हणालो. तो नुसता हसला.

त्या स्पर्धेत नव्या पोराने केलेला एकेक गोल इटलीच्या पायातून आला होता. फायनलच्या सकाळी मॅनेजरने बाहेरून भाड्याचा खेळाडू आणला आणि इटलीला बाकावर बसवलं. नागपूरचा माणूस आला, गोल करणाऱ्या पोराला घेऊन गेला. मी भर सामन्यात मॅनेजरवर ओरडलो, तर रेफरीने मलाच कार्ड दाखवलं. नंतर मी इटलीला विचारलं, "तू काहून चूप बसला?"

"खेळून राहिलो असतो तं बोललो असतो गा. बाकावर बसून काय बोलू?"

त्यानंतर तो खेळला नाही. बायकोच्या गावी, बपेऱ्याला गेला. नदीत जाळं टाकतो. क्लबवाल्यांशी मी बोलतो, असं सांगायला मी तिथवर गेलो. तो म्हणाला, "इटलीवाला रिटायर झाला. मीबी झालो." इटलीवाला चाळिशीला टेकल्यावर थांबला. आमचा चोविसाव्या वर्षी.

मी सायकलवर मासळी विकत वर आलो. घासाघीस करतो, भांडतो, पण एकदा हो म्हटलं की माल सडला तरी मागे फिरत नाही. यंदाच्या स्पर्धेचं उद्घाटन मॅनेजरसाहेबांच्या हस्ते आहे. पोरांना ते चार शब्द सांगणार आहेत. साहेब, त्याआधी माईकवर एवढंच सांगा, इटलीला बाहेर काहून बसवलं? मी समोरच्या खुर्चीवर असेन. उत्तर मिळेपर्यंत बॉल मैदानात जाणार नाही.